टार्गेट, पीएलआय आणि बंड्याचे ४५६ रुपये

मार्च २०२५ चा चौथा शनिवार, बँकेला सुट्टी, म्हणून सरकारी बँकेतला आमचा पक्या सांगलीत विश्रामबागच्या कट्ट्यावर सकाळीच हजर. त्याला बघितल्या बघितल्या बंड्या सुरू झाला, कारण सोमवार-मंगळवारच्या बँक संपाच्या धास्तीनं त्यानं शुक्रवारी दुकान सोडून लाइनीत उभं राहून कॅश काढली होती आणि संध्याकाळी बातमी आली की संप नाही.

"तुम्हाला साधा संप पण वेळेवर करता येईना," बंड्या म्हणाला.

"रद्द नाही झाला, पुढं ढकललाय. लेबर कमिशनरनं बैठक घेतली ना," पक्या. सरकारी बँकांत कामगिरी बघून इन्सेंटिव्ह द्यायची नवी पद्धत, म्हणजे पीएलआय, हा संपातला एक मुद्दा होता.

तेवढ्यात एमबीए आला. खरं नाव वेगळं आहे पण आता त्याची बायको सोडून कुणी ते वापरत नाही. प्रायव्हेट बँकेत क्लस्टर हेड, शनिवारी पण पॉलिश केलेले बूट, आणि 'बेसिकली' शिवाय वाक्य सुरू होत नाही. "बेसिकली मला कळतच नाही, काम केलं तर जास्त पैसे देतो म्हणतंय सरकार, त्याला विरोध कसला? परफॉर्मन्सची भीती वाटते का तुम्हाला?"

"अरे इन्सेंटिव्ह आम्हाला आहेच की," पक्या म्हणाला. "२०२० च्या करारात आलाय. बँकेचा ऑपरेटिंग प्रॉफिट १५ टक्क्यांच्या वर वाढला की शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना १५ दिवसांचा पगार जादा. कमी वाढला तर दहा, पाच, त्या हिशेबानं. हे नवीन आहे ते स्केल फोर, म्हणजे चीफ मॅनेजर, आणि वरच्यांना, आणि ज्याचे त्याचे मार्क बघून."

"मग तू स्केल टू, साधा मॅनेजर! तुझं काय जातंय?"

"स्केल फोर काय काखेत फॉर्म घेऊन पॉलिसी विकायला जाणारेय का? त्याचा बोनस म्हणजे माझं टार्गेट. आत्ताच सकाळी व्हीसी, म्हणजे व्हिडिओवर मीटिंग, संध्याकाळी व्हीसी, मधे ग्रुपवर ब्रँचवाइज लिस्ट, झिरोवाल्यांची नावं लाल रंगात. ब्रँचला माणसं पाच, त्यातला एक रजेवर, एक कॅशला, आणि आज काय तर अटल पेन्शनचा लॉगिन डे, दिवसभर नवे फॉर्म भरत बसायचं, उद्या गोल्ड लोनचं कॅम्पेन, परवा कासा, म्हणजे करंट-सेव्हिंग खाती. म्हातारं माणूस हयातीचा दाखला घेऊन तासभर बसलंय त्याला अटेंड केलं तर त्याचे मार्क शून्य."

इथं अण्णांनी घसा साफ केला. अण्णा म्हणजे रिटायर्ड हेड कॅशियर, २००१ ला व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, घेतली आणि तेव्हापासून रोज पश्चात्ताप करतात. "आमच्या वेळी प्रॉडक्टिव्हिटी म्हणजे कॅश टॅली होणं. पाच पैसे लागेनात तर रात्री नऊपर्यंत बसायचो."

"आणि कॉम्प्युटर येणार म्हटल्यावर मोर्चे काढायचात," एमबीए.

"काढले! आता तुझा सर्व्हर डाउन असला की कोण पैसे मोजून देतंय ते सांग."

एमबीएनं विषय अमेरिकेवर नेला, तो नेहमी नेतो, तिथं म्हणे प्रत्येक कस्टमरला किती प्रॉडक्ट विकले यावर माणसाची किंमत ठरते. पक्या याचीच वाट बघत होता. "वेल्स फार्गो ना? एका गिऱ्हाइकामागं आठ प्रॉडक्ट विका म्हणून मागं लागले होते. पोरांनी न विचारताच लोकांच्या नावानं खाती उघडली. २०१६ ला बाहेर आलं, लाखोंनी बोगस खाती, ५,३०० जणांना घरी पाठवलं, साडेअठरा कोटी डॉलर दंड. आकडे मात्र शेवटपर्यंत एक नंबर होते हां."

"आपल्याकडं असं चालत नाही."

"त्याच वर्षी आपल्याकडं जनधनच्या खात्यांत एकेक रुपया भरला होता कर्मचाऱ्यांनी, झिरो बॅलन्स दिसू नये म्हणून. पेपरात आलेलं. आणि तो कोलकात्याचा व्हिडिओ? पॉलिसी का विकल्या नाहीत म्हणून मीटिंगमध्ये पोरांवर ओरडणारा बँकेचा साहेब? माणूस सस्पेंड झाला, टार्गेट नाही झालं."

यावर एमबीए बुटाकडं बघत बसला.

बंड्याला आपलं दुःख आठवलं. "ते जाऊ दे, माझ्या खात्यातून ४५६ रुपये कुणी कापले ते सांग. मी कुठं सही केलेली?"

"४३६ जीवन ज्योती, २० सुरक्षा विमा, सरकारी विम्याचे वर्षाचे हप्ते. मेसेज आला असेल."

"मी मेसेज वाचत असतो तर तुझ्याशी दोस्ती केली असती का?"

मग तो जुन्या जखमेवर आलाच. मेव्हण्याच्या मंगल कार्यालयाला पक्यानं लोन नाकारलं होतं, ते बंड्याच्या घरात अजून जेवताना निघतं. दुसऱ्या बँकेनं आठ दिवसांत दिलं, मॅनेजरचा सत्कार झाला, बिझनेस आणला म्हणून.

"आणि आता कार्यालयाच्या भिंतीवर काय चिकटवलंय?" पक्यानं विचारलं.

"...कर्ज थकलं म्हणून बँकेची ताब्याची नोटीस."

"मला तेव्हा मेमो आला होता, सँक्शन कमी म्हणून. एमबीए, तूच सांग, मी जे लोन नाही दिलं आणि बँकेचे पैसे वाचले, त्याचा कॉलम तुझ्या एक्सेलमध्ये कुठं असतो?"

एमबीए म्हणाला बेसिकली हा रिस्क डिपार्टमेंटचा विषय आहे. अण्णांनी टाळी वाजवली, कशासाठी ते त्यांनाही माहीत नसावं. माझ्या मते तिथं चर्चा संपली होती, पण कामचुकार लोकांचं काय करायचं हा एमबीएचा प्रश्न मात्र पक्यानं सफाईनं टाळला, हेही लिहून ठेवतो. त्याच्या ब्रँचमध्ये तसा एक आहे, सगळ्या सांगलीला माहितेय.

मग एमबीएचा फोन वाजला. उभं राहून, "हो सर, येस सर, ईओडीपर्यंत दोन लॉगिन सर." फोन ठेवून त्यानं बंड्याच्या खांद्यावर हात टाकला, "बंड्या, तुझ्या पोरीच्या शिक्षणाचं काय प्लॅनिंग केलंयस?"

"ए, आधी माझी रांग आहे," पक्या मधे पडला, "मला एक अटल पेन्शन कमी पडतंय."

"बंड्या चाळिशीच्या पुढं गेला की रे," मी म्हटलं. "आणि टॅक्स पण भरतो. त्याला ते बसत नाही."

"भरतो म्हणजे तसं..." बंड्या.

मग दोघांचीही नजर एकदमच चहावाल्याच्या पोरावर गेली. वय बावीस, टॅक्सचा प्रश्न नाही. पोरगं ग्लास गोळा करता करता थांबलं.

"माझं झालंय, पकूदादा. गेल्या मार्चला तुम्हीच काढलाय. पहिला हप्ता पण तुम्हीच भरलेला."

अण्णांना ठसका लागला तो लागलाच, बंड्या कठड्यावरून खाली उतरून हसत होता आणि एमबीए पक्याला विचारत होता, बेसिकली हे कुठल्या कॉलममध्ये टाकतोस.