थर्मोस्टॅटचं तोंड

आमच्या जुन्या ट्रकचा वॉटर पंप, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी फिरवणारा पंप, गळत होता. धो धो नाही, रोज सकाळी खाली तळहाताएवढं ओलं दिसे, इतकंच. पंप बदलायला अर्धा दिवस पुरला असता, पण एकदा इंजिनात हात घातला की ‘इतकं उघडलंच आहे तर’ हे चार शब्द माणसाचा घात करतात. इतकं उघडलंच आहे तर दोन्ही होज पाइप बदलू. इतकं उघडलंच आहे तर थर्मोस्टॅटही, म्हणजे इंजिन तापलं की रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप, नवा टाकू. जुना तसा ठणठणीत होता, पण त्या दिवशी मी उदार होतो.

जुनं गॅस्केट, म्हणजे गळू नये म्हणून जोडात घातलेली पातळ चकती, पातीने खरवडून काढताना नखं काळी झाली, बोटाचं साल निघालं आणि आपण फार मोठं काम करतोय याची खात्री पटली. संध्याकाळी सगळं बसलं. कूलंट आणि पाणी निम्मंनिम्मं मोजून ओतलं, चावी फिरवली आणि हात पुसत ऐटीत उभा राहिलो. बाराव्या मिनिटाला तापमानाचा काटा लालमध्ये.

पहिला संशय अर्थातच काट्यावर. आपण केलेल्या कामावर शेवटी संशय घ्यायचा असतो. मी काचेवर दोन टिचक्या मारल्या. काटा ढिम्म. तेवढ्यात रेडिएटरकडून गुडगुड ऐकू आली, तेव्हा काट्याची मनातल्या मनात माफी मागितली आणि इंजिन बंद केलं.

आता रेडिएटरचं झाकण उघडून बघायची जबरदस्त उबळ येते. ती दाबायची. साधं पाणी 100 अंशांना उकळतं, पण झाकणाने एक बारचा दाब धरला की ते 120 पर्यंत गप्प राहतं. झाकण फिरवून तो दाब सोडला, की एका क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. म्हणून मी तासभर बोनेटसमोर बसून राहिलो. बायको म्हणाली, ‘‘कुणी आजारी आहे का?’’

त्या तासात मी पाऊण इंजिन मनातल्या मनात रद्द केलं. हेड गॅस्केट गेलं असणार. हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, बाक आला असणार. डिपस्टिक ओढून बघितली. तेलात पाणी गेलं की ते दुधाळ होतं, हे होतं तसंच काळं. सायलेन्सरमधून पांढरा धूरही नव्हता. रेडिएटरच्या जाळीत बॅटरी मारली, पट्टा दाबून बघितला, पंखा हाताने फिरवला. सगळे निर्दोष. इतक्या निर्दोषांच्या मधोमध उभं राहिलं की गुन्हेगार कोण हे कळायला हवं होतं.

इंजिन गार झाल्यावर पुन्हा सुरू केलं, काटा चढू लागला तसा केबिनमधला हीटर लावला. गार वारा! इंजिन भट्टीसारखं आणि हीटर गार, म्हणजे पाणी तिथवर पोचतच नाही. आत हवा अडकली आहे. पंप बदलताना सगळं पाणी काढलेलं, भरताना भसाभसा ओतलेलं. पुन्हा गार होऊ दिलं. मग ट्रकचं नाक चढावर केलं, झाकण काढून ठेवलं, हीटर पूर्ण गरमवर, आणि इंजिन संथ चालू ठेवून थोडं थोडं पाणी घालत राहिलो. बुडबुडे येत होते, पातळी खाली जात होती. शेवटी हीटर असा तापला की केबिनमध्ये बसवेना. घामाने निथळत मी बायकोला अंगठा दाखवला.

विसाव्या मिनिटाला काटा लालमध्ये. आठ मिनिटांची प्रगती.

या खेपेला होज चाचपले. इंजिन पेटलेलं, हीटर पेटलेला आणि रेडिएटरकडे जाणारा वरचा होज हाताला गार. म्हणजे थर्मोस्टॅट उघडतच नव्हता. नवाच खराब निघाला तर! मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू. दोष वस्तूचा होता.

तो काढला, पातेल्यात पाणी घेतलं, चमच्याला दोरा बांधून त्यात टांगला आणि थर्मामीटर घेऊन गॅसपाशी उभा राहिलो. अंगावर 82 कोरलेलं. 80 ला काही नाही. 83 ला कडेला केसाएवढी फट दिसली, आणि 95 पर्यंत करंगळीच्या नखाएवढं तोंड उघडलं. आतलं मेण वितळून फुगतं आणि झडप ढकलतं. ते चोख चाललं होतं. बाहेर काढल्यावर मिटलाही. मी हळहळलो, पुसून पुन्हा बसवला, हवा काढली. काटा लालमध्ये. पुन्हा काढला, पुन्हा उकळला, पुन्हा बसवला. तिसऱ्या खेपेला बायकोने विचारलं, ‘‘उघडायच्या आधी फोटो काढला होतास ना?’’

काढला होता. शहाणी माणसं काढतात तसा. बघितला मात्र नव्हता.

तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. फोटोत जुन्या थर्मोस्टॅटची स्प्रिंग, म्हणजे मेणाची बाजू, इंजिनाकडे होती. हातातल्याची रेडिएटरकडे. पहारेकऱ्याला घराकडे पाठ करून बसवलं होतं. आत आग लागली तरी तो बाहेरच्या थंडीकडे बघत बसणार. पातेल्यात त्याला सगळीकडून सारखाच ताप होता, म्हणून तिथे तो दर वेळी पास.

उलटा केला. म्हणजे सुलटा. गॅस्केट, बोल्ट, पाणी, चढ, बुडबुडे. काटा मध्यावर आला, थोडा थरथरला आणि तिथेच बसला. वरचा होज अचानक गरम झाला तेव्हा मी तो दोन्ही हातांनी धरून ठेवणार होतो. मग एक चक्कर मारायला निघालो, बायको शेजारी. अर्धा तास झाला, काटा मध्यावरच.

‘‘मागच्या महिन्यात ब्रेकचं काम केलंस,’’ ती फोटो पुढे सरकवत म्हणाली, ‘‘त्याचे फोटो दिसत नाहीत यात.’’

मी गियर उतरवला आणि हीटर बंद केला.