सुस्थितीत मिळाली

बंदूक परत आली ती खताच्या रिकाम्या गोणीत गुंडाळून. मी गोणीची सुतळी सोडायच्या आत हवालदारसाहेबांनी रजिस्टर पुढे सरकवलं. रकान्यात आधीच लिहून ठेवलं होतं, 'वरील शस्त्र सुस्थितीत मिळाले.' फक्त सही बाकी.

गोण सोडली. बंदूक कोणाची ते लिहिलेली चिठ्ठी नळीला चिकटपट्टीने डकवली होती. पट्टीखाली दमट हवा कोंडून राहिलेली, वर खताचा क्षार. चिठ्ठी निघाली आणि बरोबर तिच्या मापाचा चौकोनी, तांबडा गंज नळीवर छापून राहिला.

"साहेब, ही सुस्थिती?"

"नळी हाय का? दस्ता हाय का? चाप हाय का? मग?"

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर सिंगल बार बारा बोअर, म्हणजे एकनळी बंदूक, घरोघर नसली तरी वाडीवाडीत असते. डुकराला मारायचं तर वनखात्याची परवानगी हवी, म्हणून बंदूक बहुतेक वेळा आवाजापुरतीच. पण निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा. २०२४ साली तर दोनदा आचारसंहिता, १६ मार्चला लोकसभेची आणि १५ ऑक्टोबरला विधानसभेची. ऑक्टोबरात भात पिकतं आणि डुकरं नेमकी तेव्हाच उतरतात. बंदूक ठाण्यात, डुकरं मळ्यात, आणि मी पत्र्याचा डबा बडवत माळ्यावर. सूट मिळावी म्हणून अर्ज करता येतो, मी केलाही. समितीचं उत्तर येईपर्यंत भात डुकरांनी कापून, झोडून, खाऊन झालं होतं.

असो. त्या दिवशी ठाण्यात बाकावर आमच्या वाडीतले आबा बसले होते. एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त. शेजाऱ्याच्या कुत्र्याने त्यांचा कोंबडा नेला, त्याची तक्रार द्यायला सकाळपासून आले होते आणि कोणी विचारत नसल्यामुळे ताजेतवाने होते.

"गंज इलो?"

"इलो."

"चिंच लाय."

"आबा, चिंच तांब्याक लायतत."

"मगे रॉकेल लाय. माझ्या गाडयेचे नट मी रॉकेलान सोडवलंय."

मी म्हटलं, नट सोडवायचे नाहीत, रंग गेलाय. "मगे काळो ऑइलपेंट मार! अर्ध्या तासात सुकता." इथे मी गप्प बसायला हवं होतं, असं बायको म्हणते. मला नाही पटत; माणसाला माहिती द्यावी. मी समजावायला लागलो की बंदुकीचा तो निळसर काळा रंग म्हणजे रंगच नव्हे. त्याला ब्लूइंग म्हणतात. पोलादाच्या पृष्ठभागाचाच मुद्दाम काळा ऑक्साइड करतात. थर इतका पातळ की केस त्याच्यापुढे दोरखंड. तेल पुसत राहिलं तर टिकतो, घाम आणि खारी हवा लागली की जातो.

"ऑक्साइड म्हंजे?"

"म्हंजे... गंजच. पण काळो. चांगलो गंज."

आबांनी डोळे बारीक केले. मग बाकावरून उठले, कोंबडा विसरले, आणि ठाण्यात जेवढे हजर होते तेवढ्यांना उद्देशून म्हणाले, "ऐकलास? ह्येच्या बंदुकेर आधी गंज होतो. आता पन गंजच आसा. ह्येका गंज व्हयो, पन काळो व्हयो! म्हनान ह्यो सायबांवांगडा भांडता!"

पासपोर्टच्या चौकशीला आलेला एक तरुण खो खो हसला. लॉकअपमधूनही कोणीतरी हसलं. एवढं होऊनही मी सहन केलं असतं. पण हवालदारसाहेबांनी शांतपणे पेन उघडलं.

"म्हणजे गंज आधीपासून होता."

"नाही हो, तो काळा..."

"तुम्हीच म्हणालात. साक्षीदार आहेत." आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'गंज पूर्वीपासून.' सही माझी, साक्षीदार म्हणून आबांची. आबांचा कोंबडा त्या दिवशी शेवटपर्यंत नोंदवला गेला नाही, पण त्यांची सही मात्र सरकारी कागदावर लागली.

दुरुस्तीसाठी परवानाधारक कारागीर लागतो, तो बसतो दुसऱ्या जिल्ह्यात. त्याने आधी बाटलीतलं थंड औषध दाखवलं. सेलेनियमचं असतं ते. कापसाने लावायचं, काळं होतं, पण पावसाळ्यात उतरतं आणि ठिगळ उठून दिसतं. दुसरा प्रकार गरम: कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटचं मिश्रण १४० अंशांच्या आसपास उकळवून त्यात नळी सोडायची. जुन्या जोडनळीच्या बंदुकीला हे करायचं नाही, तिच्या दोन नळ्या जोडणारा डाख सुटतो. "तुमची सिंगल आहे, पण जुनी आहे. हिला जुनीच पद्धत शोभेल," असं म्हणून त्याने सांगितलं ते मी दोनदा विचारून घेतलं. नळी घासून स्वच्छ करायची, सौम्य आम्ल लावायचं, दमट पेटीत ठेवून गंज आणायचा. मग पाण्यात उकळायची. तांबडा गंज काळा होतो. वरची भुकटी बारीक ब्रशने झाडायची आणि पुन्हा गंज आणायचा, पुन्हा उकळायची, रंग भरेपर्यंत. पैसे आगाऊ. आकडा लिहीत नाही, बायको वाचते.

नळी छान झाली. नीट पाहिलं तर चौकोनाच्या जागी बारीक खड्डे दिसतात; खोल गेलेला गंज घासून काढायचा तर पोलादच काढावं लागतं.

आबा बघायला आले. नळीवरून बोट फिरवलं, कशी केली ते मुद्दाम विचारलं. मी सांगितलं, सगळं, पेटीसकट. आबा बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले.

"दमट जाग्यार ठेवन गंज आनूचो, नि मगे उकळूचो?"

"होय."

"म्हंजे अर्धा काम पोलिसांनी फुकट करून दिल्यानी. तुका नुसती उकळूची होती. नि तू त्येंच्यावांगडा भांडलंस!"