बंड्याच्या सुया

सकाळी लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरचे काका आमच्या कुत्र्याकडे, बंड्याकडे बघत म्हणाले, "अजून सुया टोचून घेता का हो याला? म्हातारं जनावर, कशाला हाल करता, एक इंजेक्शन देऊन सोडवा की." तेव्हा काहीच बोलले नाही, पण दिवसभर ते डोक्यातून जाईना.

हाल काय असतात ते मी बघितलंय हो. गेल्या श्रावणात पहाटे तीनला स्वयंपाकघरात त्याचं पाण्याचं भांडं उडाल्याचा आवाज आला, जाऊन बघते तर बंड्या आडवा, चारही पाय सायकल मारल्यासारखे चालतायत, जबडा कटकट वाजतोय, तोंडाला फेस, खाली शू झालेली. आवाजाने समोरच्या मावशी कांदा फोडूनच आल्या, हुंगव म्हणाल्या. मी नुसतं त्याच्या डोक्याखाली पायपुसणं सरकवलं. दोनेक मिनिटंच असतील, पण नंतर अर्धा तास तो भिंतीला धडकत फिरत होता आणि त्याने मला ओळखलं नाही. बारा वर्षांत पहिल्यांदा.

या वयात पहिली फिट म्हणजे मेंदूत गाठही असू शकते, एमआरआय करायचा तर पूर्ण भूल द्यावी लागते, त्याचं हार्ट बघता आम्ही नको म्हटलं. फेनोबार्बिटोन, म्हणजे फिटची गोळी, सुरू झाली, दर बारा तासांनी. फिट्स कमी झाल्या पण थांबल्या नाहीत, मागचे पाय लटपटायला लागले, सारखं पाणी, सारखी भूक. डोस अजून वाढवायचा तर लिव्हरची भीती. तेव्हा आमच्या डॉक्टर मॅडमनीच गोळीच्या जोडीला अ‍ॅक्युपंक्चर सुचवलं.

पहिल्या दिवशी मीच घाबरले होते. केसासारख्या बारीक सुया, एक डोक्याच्या टाळूवर, बाकी पाठीवर आणि पायांवर. टाळूवरची गेली तेव्हा त्याने कान हलवला, बस्स. वीस मिनिटांत माझ्या पायावर हनुवटी टेकून घोरायला लागला, हाच जो त्या पहाटेपासून रात्र रात्र घरभर फिरायचा. याला हाल म्हणायचं?

पुरावा तोकडा आहे, मान्य. गोळीचाच गुण असेल, तेही मान्य. पण माझ्या वहीत आधी पंधरा-वीस दिवसांनी फिटची नोंद असायची, आता दीड महिना कोरा जातो आणि तो रात्री झोपतो, मला तेवढं पुरतं.

आणि जे मेसेज करून विचारतायत की सुया सुरू केल्या तर गोळी बंद करू का, त्यांना हात जोडून सांगते, नाही! अचानक बंद केली तर फिट्स उसळून येतात, एकामागून एक, त्यात कुत्रं जातं. पाच मिनिटांच्या वर फिट गेली तर कांदे-बिंदे सोडा, उचला आणि दवाखाना गाठा. तोंडात हात घालू नका, कुत्रं जीभ गिळत नाही, तुमचं बोट मात्र चावलं जाईल.

काकांवरचा राग लिहिता लिहिता उतरला खरं तर. त्यांनी ती पहाट कुठे बघितलीय.

नऊ वाजत आले, चपातीच्या घासात गोळी लपवायची वेळ झाली. बंड्या कधीचा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसलाय आणि माझ्याकडेच बघतोय.