गिरणी आधी बंद पडली

वॉटर्लूत रॅथ पॅकिंग कंपनीचा विषय काढला की सत्तरीच्या पुढचा माणूस अर्धा तास सहज बोलतो. आयोवा राज्यातल्या आमच्या या शहरात 1891 पासून चालत आलेला मांसाचा कारखाना, एके काळी हजारो कामगार, दणकट युनियन, आणि एकट्याच्या पगारात घर होईल अशी नोकरी. 1980 च्या सुमारास कंपनी डबघाईला आली तेव्हा कामगारांनी दर आठवड्याच्या पगारातून पैसे कापून देऊन तिचे बहुसंख्य शेअर स्वतः विकत घेतले. तरीही 1985 मध्ये टाळं लागलं. एवढं सांगून झालं की शेवटी हमखास येतं, "मेक्सिकन आले आणि आमची कामं गेली."

पण टाळं 1985 चं. आयबीपी या कंपनीने गावात डुकरं कापण्याचा नवा कारखाना उघडला तो 1990 मध्ये. बोस्नियाचे निर्वासित आणि लॅटिनो तिथे कामाला लागले ते त्यानंतर. रॅथची नोकरी गेली तेव्हा ती हिसकावून घ्यायला दारात कोणीही उभं नव्हतं.

2025 च्या जुलैत हा हिशोब मला पुन्हा मांडावा लागला. पहिलीपासून हिंदीचा जीआर सरकारने नुकताच मागे घेतला होता, मराठी बोलण्यावरून मीरा रोडच्या एका दुकानदाराला मारल्याचा व्हिडिओ फिरत होता, आणि डोंबिवलीच्या माझ्या मावसभावाने कुटुंबाच्या ग्रुपवर मला उद्देशून लिहिलं की, परप्रांतीयांनी मुंबई खाल्ली, काकांची गिरणी गेली, आणि तू तिकडे उपरा म्हणून राहतोस म्हणून तुला इथल्या उपऱ्यांचा पुळका. शेवटचा टोला मान्य. इथे मी उपराच आहे. पण काकांच्या गिरणीबद्दल तो जे म्हणाला ते रॅथच्या म्हाताऱ्यांसारखंच आहे, क्रम उलटा करून सांगितलेलं.

काका परळला कापडगिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या बसल्या, कापड मात्र थांबलं नाही. आधीपासूनच यंत्रमागांकडे सरकत असलेलं विणकाम आता धो धो भिवंडीला गेलं. तिथे बारा तासांची पाळी, मीटरवर मजुरी, कायम नोकरी नाही, फंड नाही. त्या मजुरीत माग चालवायला उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून माणसं आली. काकांना भिवंडीत काम मिळालं नसतं असं नाही. त्या पैशांत त्यांनी ते केलं नसतं, आणि का करावं?

अमेरिकेत मांसाच्या धंद्यात हेच झालं, फक्त जास्त आखीवपणे. 1960 साली आयोवाच्याच डेनिसन गावात आयबीपी सुरू झाली. तिने जनावर शहरात नेऊन कापण्याऐवजी कारखानाच जनावरांच्या गावाला आणला. अख्खं धड पाठवण्याऐवजी तुकडे करून खोक्यांत भरून मांस पाठवायला 1967 पासून सुरुवात केली. कसबी खाटकाचं काम सरकत्या पट्ट्यावरच्या शंभर माणसांत वाटलं गेलं. एक जण दिवसभर एकच काप घेतो, शिकायला फार दिवस लागत नाहीत, आणि मनगट जाईपर्यंत तेच करतो. शिकागो-ओमाहाचे जुने युनियनवाले कारखाने बंद झाले. 1970 च्या दशकापर्यंत मांस-कारखान्यातला पगार इतर कारखानदारीच्या सरासरीपेक्षा जास्त असे; पुढच्या वीस वर्षांत तो बराच खाली गेला. दोन-अडीच हजार वस्तीच्या गावात अशा पगारावर पाचशे-हजार माणसं मिळणं शक्यच नव्हतं. म्हणून ती टेक्सासच्या सीमेवरून, मेक्सिकोतून, पुढे ग्वाटेमालातून आणली गेली. काही ठिकाणी कंपनीच्या खर्चाने, पुष्कळ ठिकाणी आधी आलेल्याने भावाला बोलावून.

(आणायची ही पद्धत नवी नाही. वॉटर्लूतली कृष्णवर्णीय वस्ती 1911 च्या सुमाराची. इलिनॉय सेंट्रल रेल्वेच्या कारखान्यात संप झाला, तो मोडायला कंपनीने मिसिसिपीतून माणसं आणली. गावाने राग धरला तो आलेल्यांवर. रेल्वे कंपनीवर कुणी फारसा राग धरल्याचं माझ्या कानावर नाही.)

आमच्यापासून गाडीने दीडेक तासावर पोस्टव्हिल आहे. जर्मन आणि नॉर्वेजियन वंशाच्या शेतकऱ्यांचं, मक्याच्या शेतांतलं छोटं गाव. तिथला बंद पडलेला कत्तलखाना 1987 मध्ये ब्रुकलिनच्या एका हासिदिक (कर्मठ पंथाच्या) ज्यू कुटुंबाने घेतला आणि अ‍ॅग्रिप्रोसेसर्स या नावाने कोशर, म्हणजे ज्यू धर्मनियमांनुसार कापलेलं, मांस काढायला सुरुवात केली. काळे कोट-टोप्या घातलेले धर्मगुरू गावात राहायला आले. कामाला आधी पूर्व युरोपातले लोक, मग मेक्सिकन, मग डोंगराळ ग्वाटेमालातले माया शेतकरी. हे ग्वाटेमालन बहुतेक एकमेकांच्या ओळखीचे, मोजक्या खेड्यांतले; त्यांतल्या कित्येकांना स्पॅनिशही जेमतेम यायची, घरची भाषा काक्चिकेल ही माया भाषा. तरी ओस पडत चाललेल्या गावात दुकानं उघडली, शाळेचे वर्ग भरले, सेंट ब्रिजेट चर्चमध्ये स्पॅनिश प्रार्थना होऊ लागली.

12 मे 2008 ला इमिग्रेशन खात्याने हेलिकॉप्टरं आणि शेकडो अधिकारी घेऊन कारखान्याला वेढा घातला. 389 जणांना धरलं. एवढ्यांना ठेवायचं कुठे? तर आमच्या वॉटर्लूत, कॅटल काँग्रेसच्या मैदानावर, जिथे गुरांचं प्रदर्शन भरतं. नाचगाण्याच्या हॉलमध्ये न्यायालय थाटलं, दहा-दहाच्या गटाने बेड्या घातलेली माणसं उभी केली. आरोप दुसऱ्याची ओळख चोरल्याचा, म्हणजे खोटा सोशल सिक्युरिटी नंबर (अमेरिकेत नोकरीसाठी लागणारा सरकारी क्रमांक) वापरल्याचा. गुन्हा कबूल केला तर पाच महिने आणि मग हद्दपारी. नाही केला तर खटला उभा राहीपर्यंत त्याहून जास्त दिवस कोठडी आणि वर दोन वर्षांची किमान शिक्षा. जवळपास तीनशे जणांनी काही दिवसांतच कबुली दिली. तिथे दुभाषाचं काम केलेले प्राध्यापक एरिक कामाय्द-फ्रेक्सास यांनी नंतर उघडपणे लिहिलं की, आपल्यावर काय आरोप आहे हेच यातल्या अनेकांना कळलं नव्हतं. सोशल सिक्युरिटी नंबर म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. पुढच्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात एकमताने निकाल दिला, की तो नंबर खऱ्या माणसाचा आहे हे आरोपीला माहीत असल्याशिवाय हा गुन्हा लागूच होत नाही. तोवर पोस्टव्हिलची माणसं शिक्षा भोगून परत पाठवली गेली होती.

यानंतरचा भाग मावसभावाने नीट वाचावा अशी माझी इच्छा आहे. गाव मोकळं झालं, 'स्थानिकांच्या' नोकऱ्या सुटल्या. त्या घ्यायला कोण आलं? कंपनीने टेक्सासच्या बेघरांच्या निवाऱ्यांतून माणसं आणली. पॅसिफिक महासागरातल्या पलाऊ बेटांवरून आणली, कारण त्यांना व्हिसा लागत नाही. मिनेसोटातून सोमाली आले. आयोवाचा शेतकरी काही पट्ट्यावर उभा राहिला नाही. काही महिन्यांत कंपनी दिवाळखोरीत गेली, घरं रिकामी पडली, दुकानं बंद झाली. कारखान्याच्या प्रमुखाला बँकेच्या फसवणुकीसाठी 27 वर्षांची शिक्षा झाली, ती 2017 मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी कमी करून त्याला सोडलं. अल्पवयीन मुलांना राबवल्याच्या आरोपांतून तो निर्दोष सुटला होता. आज कारखाना नव्या मालकाकडे, नव्या नावाने चालू आहे आणि पट्ट्यावर पुन्हा ग्वाटेमालन आहेत, जोडीला सोमाली.

त्याच 2008 च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रात उत्तर भारतीयांविरुद्ध आंदोलन पेटलं होतं. नाशिक-पुण्याहून हजारो मजूर रेल्वेने गावी पळाले, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आणि बांधकामांवर माणसं मिळेनात. थोड्या दिवसांनी तीच किंवा तशीच दुसरी माणसं परत आली. ठेकेदाराचे दर होते तिथेच राहिले.

आमच्या मराठी मंडळात याविषयी बोललं की ठरलेलं उत्तर मिळतं, "ते बेकायदा आले, आपण रांगेत उभे राहून आलो." रांगेत उभे राहिलो खरे, पण ती रांग आपल्यासाठी होती, फॉर्म कंपनीच्या वकिलाने भरले, फी कंपनीने दिली. बिगरकुशल कामगारासाठी कायमच्या व्हिसाची मर्यादा अख्ख्या जगाला मिळून वर्षाला 10,000, प्रत्यक्षात त्याहूनही कमी. हंगामी शेतीकामाचा व्हिसा आहे, पण कत्तलखाना बारमाही चालतो, त्याला तो लागू नाही. माणसं हवीत आणि दार नको, अशी ही सोय आहे, आणि ती कारखान्यांना सोयीचीच आहे. कागद नसलेला माणूस युनियन करत नाही, बोट तुटलं तरी गप्प राहतो.

भाषेच्या बाबतीत मात्र मी मावसभावाच्या बाजूला बराच सरकतो. परदेशातले आपले लोक अमेरिकेचा दाखला देऊन मराठीच्या आग्रहाला सरसकट संकुचित ठरवतात, ते मला पटत नाही. आयोवाने 2002 मध्ये इंग्रजीला राज्याची अधिकृत भाषा करणारा कायदा केला तो निव्वळ भीतीपोटी; इंग्रजीला इथे कसलाही धोका नव्हता. स्थलांतरितांची दुसरी पिढी आपसांत इंग्रजीतच बोलते, किराणा दुकानात रोज ऐकतो. मुंबईत तसं होत नाही. तिथे आलेल्याला मराठीवाचून काही अडत नाही, आणि मराठी आईबापांनीच मुलांना इंग्रजी शाळेत घातलंय. तेव्हा मराठीची काळजी खरी आहे. थप्पड मारून ती मिटत नाही एवढंच. आमच्या दक्षिणेला वेस्ट लिबर्टी नावाचं गाव आहे, टर्कीच्या कारखान्याचं. 2010 च्या जनगणनेत लॅटिनो बहुसंख्य ठरलेलं आयोवातलं पहिलं. तिथल्या सरकारी शाळेने 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून अर्धं शिक्षण इंग्रजीत, अर्धं स्पॅनिशमध्ये सुरू केलं, आणि गोऱ्या शेतकऱ्यांची मुलंही त्या वर्गात बसतात. भिवंडीच्या मागवाल्याच्या मुलाला पालिकेच्या शाळेत चांगलं मराठी शिकवायची मोहीम आपण कधी पाहिली? दुकानांच्या पाट्या मात्र मोजून झाल्या, दंडही झाले.

मोजायचंच असेल तर मजुरी मोजा. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा 1979 सालीच झाला आणि 2025 पर्यंत लागू होता. त्यात ठेकेदाराला परवाना सक्तीचा होता, आणि त्याच कामासाठी स्थानिक कामगाराला मिळतं त्यापेक्षा कमी मजुरी बाहेरच्याला देता येणार नाही असं स्पष्ट लिहिलं होतं. बाहेरचा माणूस स्वस्त पडला नाही तर दोन हजार किलोमीटरवरून त्याला आणण्यात मालकाचा फायदा काय? भूमिपुत्रांच्या नावाने चाळीस-पन्नास वर्षं राजकारण करणाऱ्या पक्षांनी या एका कलमासाठी मोर्चा काढल्याचं मला तरी आठवत नाही. मोर्चा निघाला तर तो मालकांच्या दारात न्यावा लागेल, आणि तिथे नेमप्लेट बऱ्याचदा मराठीत असते.

मावसभाऊ म्हणेल, मराठी मालक असं करत नाहीत. मग बीडच्या ऊसतोड कामगारांकडे बघ. मुकादम मराठी, साखर कारखाना मराठी, कोयता हातात असलेलं जोडपंही मराठी, आणि उचल फिटेस्तोवर फडावरून हलायची सोय नाही. तिथे हाकलायला परप्रांतीयच नाही, म्हणून असेल कदाचित, दादर-डोंबिवलीत त्यावर कुणी भांडतही नाही.