मिठाच्या बरणीतली किडनी कुणालाच बसवता येत नाही

शवागाराच्या दारात एका वडिलांनी माझ्यासमोर मोबाइल धरला. आत त्यांचा मुलगा होता, दुचाकीच्या अपघातात गेलेला. मोबाइलवर सगळीकडे फिरणारा तोच मजकूर होता: ‘पोस्टमॉर्टेमच्या नावाखाली किडनी, लिव्हर, डोळे काढून विकतात. म्हणूनच नातेवाइकांना आत घेत नाहीत. व्हिसेरा राखून ठेवला म्हणजे अवयव गेले समजा. सही करू नका, बॉडी घरी न्या.’ ‘साहेब, खरं आहे का हे?’ एवढंच त्यांनी विचारलं. मी न्यायवैद्यकशास्त्र विभागात डॉक्टर आहे. दाराशी उभं राहून जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. उरलेलं इथे लिहितो.

आधी अवयव विकण्याचं. रक्तपुरवठा थांबला की किडनी आणि लिव्हर फार लवकर निकामी होतात. म्हणून मेंदूमृत रुग्णाचे अवयव काढतात तेव्हा त्याचं हृदय चालू असतं, श्वास व्हेंटिलेटरवर असतो. ते काम शस्त्रक्रियागृहात, अवयव प्रत्यारोपणाच्या 1994च्या कायद्याप्रमाणे, घरच्यांच्या लेखी संमतीने होतं. अवयव बर्फात ठेवूनही हृदयाला चार ते सहा तासच मिळतात. आमच्या टेबलावर शव येतं ते पंचनामा होऊन, बहुतेकदा कित्येक तासांनी, अनेकदा शीतगृहातून. त्यातली किडनी कोणत्याही सर्जनच्या उपयोगाची नसते. डोळ्यांची गोष्ट वेगळी, ती लपवत नाही: मृत्यूनंतर साधारण सहा तासांपर्यंत नेत्रदान होऊ शकतं. पण तेही घरच्यांनी होकार दिला तरच.

‘व्हिसेरा राखून ठेवला’ हे वाक्य बातम्यांत रोज येतं, पण त्याचा अर्थ कुणी सांगत नाही. विषबाधेचा संशय असेल किंवा मृत्यूचं कारण डोळ्यांना दिसत नसेल, तर जठर आतल्या पदार्थांसकट, लहान आतड्याचा काही भाग, यकृताचा सुमारे अर्धा किलोचा तुकडा आणि दोन्ही मूत्रपिंडांचा अर्धा-अर्धा भाग काढून ठेवतात. बरण्यांत सहसा मिठाचं संपृक्त द्रावण असतं. फॉर्मलीन घालत नाहीत, कारण त्याने विष शोधणं अवघड होतं. बरण्यांना सील लागतं आणि पोलीस त्या न्यायसहायक प्रयोगशाळेत नेतात: मुंबईत कलिना, शिवाय पुणे, नागपूर, नाशिक वगैरे. अर्धी कापून मिठात घातलेली किडनी कोण विकत घेणार? उलट ज्या घराला वाटतं की आपल्या मुलीला सासरी काहीतरी पाजलं, त्या घराच्या हातात या बरणीखेरीज दुसरा पुरावा बहुधा नसतो.

सहीबद्दल थोडक्यात. अकस्मात मृत्यूत शवविच्छेदन पोलीस किंवा दंडाधिकारी यांच्या मागणीवरून होतं, तिथे नातेवाइकांची संमती लागतच नाही. आणि बॉडी परस्पर नेऊन अंत्यसंस्कार केले, तर अपघात विम्याच्या आणि भरपाईच्या दाव्यात पीएम म्हणजे पोस्टमॉर्टेमचा अहवाल कुठून आणणार? बांधावर ट्रॅक्टर उलटून माणूस जातो, आणि तो कागद नाही म्हणून त्याच्या बायकोला खेटे घालावे लागतात.

आत का घेत नाहीत? पुरावा जपायचा असतो, संसर्गाचा धोका असतो, आणि आपल्या माणसाची कवटी उघडताना पाहिलेलं कुणाला विसरता येत नाही. पण दार बंद करून बाहेर कुणी काहीच सांगत नाही, हा दोष मात्र आमचा आहे. संशय तिथेच वाढतो. गावाकडच्या अनेक रुग्णालयांत आमच्या विषयातला तज्ज्ञ नसतो, साधा एमबीबीएस डॉक्टर ओपीडी आवरून पीएमला येतो. पुरेशी सोय असलेल्या रुग्णालयांना सूर्यास्तानंतरही शवविच्छेदनाची मुभा केंद्राने नोव्हेंबर 2021मध्ये दिली. तरी खून, आत्महत्या, बलात्कार अशा संशयित प्रकरणांत सहसा सकाळपर्यंत थांबावं लागतं, आणि ती रात्र नातेवाईक शवागाराबाहेरच्या पायरीवर काढतात. या गोष्टींचा राग धरा, तो रास्त आहे.

त्या वडिलांना मी शेवटी एक कागद दिला. त्यावर पोलीस ठाण्याचं नाव आणि अकस्मात मृत्यूचा नोंद क्रमांक लिहिला. अहवालाची प्रत तिथून मागा, म्हटलं. व्हिसेरा ठेवला असता, तर त्याच क्रमांकावर दर महिन्याला विचारत राहा असंही सांगितलं असतं, कारण रासायनिक अहवाल यायला महिनोन्‌महिने लागतात आणि तोवर मृत्यूच्या कारणापुढे ‘मत राखून ठेवले’ एवढंच असतं.