दोन नियमांत ऑप-अँप संपत नाही

सत्र परीक्षा जवळ आली की मुंबईतल्या डिप्लोमा आणि डिग्रीच्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर ऑप-अँप, म्हणजे दोन इनपुटांमधला व्होल्टेजचा फरक अनेक पटींनी वाढवणारी आयसी, याविषयीचा एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: ऑप-अँपची दोन्ही इनपुट कायम समान व्होल्टेजवर असतात, इनपुटमध्ये प्रवाह शिरत नाही, म्हणून रेझिस्टरांचे फक्त गुणोत्तर पाहावे, ते गुणोत्तर बदलून एकाच आयसीतून हवा तेवढा गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) मिळतो, आणि ७४१ ही नेहमीची ऑप-अँप आयसी कोणत्याही सप्लायवर चालते. पेपरातली बरीचशी गणिते या चार वाक्यांवर सुटतात, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र याच भरवशावर ब्रेडबोर्ड जोडणारा विद्यार्थी सर्किट बिघडले की दोष आयसीला देतो आणि लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून दुसरी घेऊन येतो. तीही तशीच वागते.

पहिल्या विधानातला ‘कायम’ हा शब्दच चुकीचा आहे. इनपुट समान ठेवणे हा आयसीचा अंगभूत गुण नसून ते निगेटिव्ह फीडबॅकचे, म्हणजे आउटपुटचा काही भाग इन्व्हर्टिंग इनपुटला परत देण्याचे, काम आहे. ७४१चा ओपन-लूप गेन (फीडबॅक नसतानाचा गेन) साधारण २,००,००० असतो, त्यामुळे आउटपुटला १० व्होल्ट येण्यासाठी दोन इनपुटांत अवघा ५० मायक्रोव्होल्टचा फरक पुरतो, आणि तो आपण शून्य मानतो. फीडबॅक नसलेल्या, दोन व्होल्टेजची फक्त तुलना करणाऱ्या कंपॅरेटरमध्ये एका इनपुटवर २ आणि दुसऱ्यावर ३ व्होल्ट खुशाल असू शकतात. फीडबॅक असूनही आउटपुट सॅच्युरेट झाले, म्हणजे सप्लायच्या मर्यादेला अडले, तर हा नियम तुटतो. १० किलोओहम आणि १०० किलोओहम लावून केलेला, दहा गेनचा इन्व्हर्टिंग अँप्लिफायर घ्या. सप्लाय प्लस-मायनस १२ व्होल्ट आणि इनपुट २ व्होल्ट असेल, तर सूत्र उणे २० व्होल्ट सांगते. प्रत्यक्षात आउटपुट, समजा, उणे १०.५ वर अडते. आता दोन रेझिस्टरांमधल्या बिंदूचे व्होल्टेज काढा: २ मधून १२.५ चा अकरावा भाग वजा केला की सुमारे ०.८६ व्होल्ट उरतात. ज्याला शून्य व्होल्टवर धरून आपण व्हर्च्युअल ग्राउंड म्हणत होतो, तो बिंदू जवळजवळ एक व्होल्ट वर गेलेला असतो. म्हणूनच सर्किट बिघडले की मी आधी आउटपुट नव्हे, तर दोन इनपुटांमधला फरक मीटरने मोजायला सांगतो.

दुसरे विधान अर्धे खरे असल्यामुळे अधिक फसवे आहे. गुणोत्तर दहाच हवे म्हणून १ ओहम आणि १० ओहम लावले, तर १ व्होल्टच्या इनपुटला १ अँपिअर प्रवाह लागेल, आणि ७४१चे आउटपुट शॉर्ट केले तरी साधारण २५ मिलिअँपिअरच देते. उलट १ मेगाओहम आणि १० मेगाओहम लावले, तर ‘न शिरणारा’ प्रवाह डोके वर काढतो: ७४१चा बायस करंट (इनपुटांना चालण्यासाठी लागणारा बारीक प्रवाह) सुमारे ८० नॅनोअँपिअर असतो, आणि तो १० मेगाओहममधून वाहिला की इनपुट शून्य असतानाही आउटपुटवर ०.८ व्होल्ट दिसतात. नॉन-इन्व्हर्टिंग इनपुट आणि ग्राउंड यांच्यामध्ये दोन्ही रेझिस्टरांच्या समांतर जोडणीइतका रेझिस्टर लावल्यास ही चूक बरीच कमी होते, नाहीशी होत नाही. याच विधानातून आणखी एक गैरसमज निघतो, की इन्व्हर्टिंग अँप्लिफायर सिग्नलवर भारच टाकत नाही. व्हर्च्युअल ग्राउंडमुळे सिग्नलला समोर इनपुटचा रेझिस्टरच दिसतो. सेन्सरचा स्वतःचा रोध १० किलोओहम असेल आणि तुमचा रेझिस्टरही १० किलोओहमचा असेल, तर दहाचा गेन पाचवर येतो. अशा वेळी मध्ये बफर (एक गेनचा, सिग्नलवर भार न टाकणारा टप्पा) घालावा किंवा नॉन-इन्व्हर्टिंग मांडणी घ्यावी.

‘हवा तेवढा गेन’ मिळतो, पण त्याची किंमत बँडविड्थमध्ये, म्हणजे गेन टिकून राहतो त्या फ्रीक्वेन्सींच्या पल्ल्यात, मोजावी लागते. फेअरचाइल्डमध्ये बॉब विडलरने केलेल्या १९६५ च्या ७०९ आयसीला स्थिर ठेवण्यासाठी बाहेरून कपॅसिटर जोडावे लागत. १९६८ मध्ये डेव्ह फुलगरने ७४१ मध्ये ३० पिकोफॅरडचा कपॅसिटर आतच बसवला. आयसी त्यामुळे सहजी ऑसिलेट होत नाही, पण गेन आणि बँडविड्थ यांचा गुणाकार सुमारे १ मेगाहर्ट्झवर बांधला जातो. एकाच टप्प्यात १००० गेन घेतला की बँडविड्थ १ किलोहर्ट्झ उरते आणि माइकवरचा आवाज दबका येतो. तोच गेन सुमारे ३२ च्या दोन टप्प्यांत विभागला की ती २० किलोहर्ट्झच्या आसपास पोहोचते. यात स्लू रेट, म्हणजे आउटपुट बदलण्याचा कमाल वेग, वेगळा धरावा लागतो. मायक्रोसेकंदाला ०.५ व्होल्ट या वेगाने १० व्होल्ट शिखराची साइन वेव्ह साधारण ८ किलोहर्ट्झपर्यंतच नीट उमटते, त्यापुढे सीआरओवर (ऑसिलोस्कोपवर) त्रिकोण दिसू लागतो.

सप्लायविषयीच्या विधानावर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. ७४१चे आउटपुट दोन्ही टोकांपासून व्होल्ट-दीड व्होल्ट तरी दूर राहते, त्यामुळे ५ व्होल्टच्या एकेरी सप्लायवर खेळायला जागाच उरत नाही. तिथे एलएम३५८ मागावी. तिचे आउटपुट खाली जवळपास ग्राउंडपर्यंत जाते, पण वर सुमारे ३.५ व्होल्टवर थांबते. म्हणून एसी सिग्नलसाठी संदर्भबिंदू सवयीने २.५ व्होल्टवर ठेवला तर वरचा भाग लवकर कापला जातो. सप्लायकडे १८ किलोओहम, ग्राउंडकडे १० किलोओहम आणि त्याला समांतर १० मायक्रोफॅरड लावले की तो बिंदू १.८ व्होल्टच्या आसपास येतो आणि लहर दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखी पसरते.