खुलासा : हिरडीची खोली मोजल्याने दात हलत नाहीत

‘दंतवैद्य हिरडीत टोकदार सळई खुपसतात, त्यानेच फट पडते आणि दात हलू लागतात’ असा मजकूर फिरतो आहे. तो चुकीचा आहे. दात आणि हिरडी यांमधल्या फटीची खोली मोजायच्या या सळईचं, म्हणजे प्रोबचं, टोक बोथट, साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतं. ते दाताला समांतर धरून, जेमतेम २०-२५ ग्रॅम भाराने, दाताभोवती सहा ठिकाणी आत सरकवतात. १ ते ३ मिमी खोली ठीक. ४ किंवा जास्त असेल तर लक्ष द्यायला हवं. फट आधीचीच असते. रक्त येतं तेही सुजेमुळे. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत मात्र सूज असूनही ते कमी दिसतं, तिथेच फसगत होते. माप चुकू शकतं, हे खरं: जोर जास्त पडला की आकडा फुगतो, टोक किटणावर अडलं की घटतो.